काळ्या वाळूतले इलेक्ट्रॉन

‘ऊर्जापट्टा (घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचा पट्टा) अर्धवट भरलेला असला की पदार्थ विद्युतवाहक असणारच’ हे विधान तांब्यासारख्या धातूंना लागू पडते. परंतु निकेल ऑक्साइडच्या बाबतीत ते टिकत नाही, हे १९३७ सालीच दिसून आले होते. तेथे इलेक्ट्रॉनांचे परस्परांमधील प्रतिकर्षण इतके प्रबळ असते की प्रत्येक जण आपापल्या अणूपाशीच अडकून राहतो आणि वीज वाहत नाही.

याहून मला अधिक मोलाचे वाटणारे उदाहरण आमच्या रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ म्हणवल्या जाणाऱ्या, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आहे. तिथल्या वाळूत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचे खनिज मुबलक आहे. पण कोरड्या वाळूतून साधा लोहचुंबक फिरवला की त्याला मिशांसारखे चिकटून उभे राहतात ते मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे कण. या खनिजात लोह दोन अवस्थांमध्ये असते, दोन धन प्रभाराच्या आणि तीन धन प्रभाराच्या. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारत असल्याने सामान्य तापमानाला त्यातून वीज बऱ्यापैकी वाहते. मात्र सुमारे १२० केल्विनखाली (उणे १५३ अंश सेल्सियसखाली) वाहकता एकदम शंभरेक पटींनी घसरते. डच रसायनशास्त्रज्ञ व्हेरवे यांनी १९३९ मध्ये याचे कारण असे मांडले की इलेक्ट्रॉन तेथे ठरावीक रचनेत गोठतात. ती रचना नेमकी कशी, याचा वाद सत्तर वर्षे चालला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण अभ्यासातून दिसले की इलेक्ट्रॉन एकेका अणूवर न थांबता ओळीतल्या तीन लोह-अणूंवर पसरतो. म्हणून नुसते पट्टे मोजून वाहकता ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.