अणुबल, परमाणुबल, आणि बघणं की चाचपणं?

खानापूरवाला: आमच्या गावच्या मराठी शाळेत विज्ञानदिनाला ‘ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप’वर अर्धा तास बोलायचंय. मथळा लिहिला, ‘अणुबल सूक्ष्मदर्शी’. भाची शेजारी बसलेली, कन्नड माध्यमातून शिकलेली. म्हणते, “मामा, अणू म्हणजे मॉलिक्यूल. तुम्हाला परमाणू पाहिजे.” कन्नडात ॲटमला परमाणू, हिंदीतही तेच. मराठीत मात्र ॲटम अणू आणि मॉलिक्यूल रेणू. पोरं पुढं कन्नड कॉलेजात जाणार. काय लिहू? त्यात शेजारच्या काकांनी मथळा वाचून विचारलं, “कैग्याच्या अणुवीज केंद्राचं काही आहे काय रे?”

टिळकवाडीचे सर: अणुक्रमांक, अणुभट्टी, अणुभार. मराठीत अणू म्हणजे ॲटम, विषय संपला. शेजारी काय म्हणतात ते बघून आपण आपली परिभाषा बदलायची नसते. आज अणू सोडाल, उद्या रेणू जाईल.

वडगावची: सर, रेणू आमच्या शेजारी राहते, ती कुठं जात नाही. पण ‘बल’चं काय? बेळगावात रिक्षावाल्याला कन्नडात बलक्के म्हटलं की तो उजवीकडं वळतो. ‘अणुबल’ म्हणजे अणूच्या उजव्या हाताला काय?

उद्यमबाग: ते अणू-परमाणू राहू दे बाजूला. मला ‘दर्शी’च खटकालंय. हे यंत्र बघतच नाही की! आमच्याकडं जॉबची, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाची, फिनिश तपासायला सरफेस टेस्टर आहे, हिऱ्याचं टोक जॉबवरून ओढत नेतं आणि खडबड मोजतं. हे त्याचंच नातवंड. सिलिकॉनची पट्टी, लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, एका बाजूनं धरलेली, दुसऱ्या बाजूला खाली टोक. टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटरच्या घरात. टोक पृष्ठभागावरून फिरतं, उंचवटा आला की पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवर लेसर मारलेला असतो, तो परतून चार खणांच्या प्रकाशपेशीवर पडतो. पट्टी केसभर काय, केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढी वाकली तरी ठिपका सरकतो. मग पिझो, म्हणजे वीज दिली की किंचित लांब-आखूड होणारा खडा, टोकाला तेवढंच वर उचलतो. पिझो किती वरखाली झाला त्याचा नकाशा म्हणजे चित्र. ह्यात डोळा कुठाय? हे चाचपणं आहे. आंधळ्यानं भिंत चाचपत जावी तसं.

टिळकवाडीचे सर: ‘दर्शी’ म्हणजे बघणारा, जसा दूरदर्शी. दाखवणारा तो ‘दर्शक’. तेव्हा आक्षेप व्याकरणाला धरून आहे, हे मान्य. पण ‘सूक्ष्मचाचपक’ असलं काही सुचवू नका, हात जोडतो.

उद्यमबाग: सूक्ष्मस्पर्शी?

टिळकवाडीचे सर: ते कवितासंग्रहाचं नाव वाटतं.

खानापूरवाला: इतिहास बघितला तर उद्यमबागचं म्हणणं पटतं. ज्युरिखच्या आयबीएम प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी १९८१ साली टनेलिंग मायक्रोस्कोप केला, टोक आणि नमुना यांच्या फटीतून जाणारी वीज मोजणारा. १९८६च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच. पण त्याला नमुना वीजवाहक लागतो. बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी १९८६ साली आपलं हे यंत्र मांडलं. सोन्याच्या पातळ पत्र्याला हिऱ्याचं टोक चिकटवून सुरुवात! काच, प्लास्टिक, पेशी, काहीही चालतं, निर्वात पोकळीही लागत नाही. ‘फोर्स’ ह्यासाठी की टोकाच्या शेंड्याचे अणू आणि पृष्ठभागाचे अणू एकमेकांना जरा लांबून ओढतात, फार जवळ आले की ढकलतात. कैग्याशी संबंध शून्य.

आता पुढची अडचण. ‘टॅपिंग मोड’ला काय म्हणू? टोक घासत नेलं तर मऊ नमुना ओरबाडला जातो. म्हणून पट्टीला तिच्या स्वतःच्या लयीत थरथरवतात आणि टोक पृष्ठभागाला नुसतं लागून वर येतं. पृष्ठभाग जवळ आला की थरथरीचा झोका कमी होतो, तो ठरलेल्या मापावर धरून ठेवायचा. डीएनएचा धागासुद्धा असा न तुटता टिपता येतो.

वडगावची: शाळेत बाकाच्या कडेला पट्टी दाबून टर्रर्र वाजवायचो, तसंच की. ‘टपली’ म्हणा.

टिळकवाडीचे सर: टपली डोक्यात मारतात. ‘आघात’ म्हणा.

उद्यमबाग: आघातानं टोक मोडंल! टकटक म्हणा. ओतीव पार्ट हातोडीनं टकटकवतो आम्ही. चांगला असला की खणकन् वाजतो, चीर असली की बद्द.

वडगावची: एक विचारायचं राहिलं. टोक झिजलं की काय होतं? आमच्या मागाच्या फणीच्या घरात, म्हणजे दातांमधल्या फटीत, बोट जात नाही, नख जातं. बोटानं चाचपली तर फणी सपाटच लागते.

खानापूरवाला: अगदी तेच. बोथट टोक अरुंद खाचेच्या तळाला पोचत नाही, आणि बारीक उंचवटे असले तर प्रत्येकाच्या जागी टोकाचाच आकार उमटतो. सगळीकडं एकसारखी त्रिकोणं दिसायला लागली की चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, टोक बदलायचं. हे भाषणात घेतो.

निपाणीकर: उशिरा आलो. ‘अणकुचीदार’मधली अणी म्हणजे टोक. अणू आणि अणी एकच असणार. म्हणजे ‘अणुबल’ हे ‘टोकाचं बल’ म्हणूनही बरोबर बसतं.

टिळकवाडीचे सर: असणार म्हणजे? आधार काय?

निपाणीकर: आधार आमची आजी.

वडगावची: चाचपडण्याला कन्नडात तडकाडु म्हणतात. आपलं ‘हुडकणे’ तिकडच्या हुडुकूचं भावंड, मग हाही घेऊया की. तडकाडणारं यंत्र!

टिळकवाडीचे सर: मराठीत तडकणे म्हणजे चीर जाणे. मुलं काय समजतील?

उद्यमबाग: मी समजलोय एकदा. हौसिंग, म्हणजे ओतीव कवच, मशीनवर चढवलेलं, पलीकडून पोरगा ओरडला, “तडकाडाकत्तीनी!” मला वाटलं कास्टिंग तडकलं. मशीन बंद केली, पळालो. तर हा मशीनच्या बेडखाली हात घालून पडलेली किल्ली चाचपालाय.

निपाणीकर: किल्ली? मशीनला कुलूप लावता काय तुम्ही?

उद्यमबाग: ॲलन की हो, स्क्रू फिरवायची षटकोनी सळी. आम्ही किल्लीच म्हणतो.

टिळकवाडीचे सर: पाना म्हणा.

उद्यमबाग: पाना वेगळा, सर. पान्याला तोंड असतंय.