शब्दचर्चा: सोनोग्राफीत ‘ताठरता’ दिसते का?

प्रश्न: पक्षाघातानंतर पोटरीची सोनोग्राफी झाली, तिचा रिपोर्ट मराठीत लिहायचा आहे. ‘स्पॅस्टिसिटी’ आणि ‘कॉन्ट्रॅक्चर’ दोन्हींना ‘कडकपणा’ चालेल का? आणि ‘एकोजेनिसिटी’ला काय म्हणावं?

उत्तर: नाही चालणार, उपचारच वेगळे आहेत. स्पॅस्टिसिटी म्हणजे ताठरता. पाऊल झटकन वर दाबलं की पोटरी अडते, सावकाश दाबलं तर बरीच सैल येते. मेंदूविकारतज्ज्ञ लान्सने १९८०मध्ये केलेल्या स्पॅस्टिसिटीच्या व्याख्येचा गाभा हा वेगच आहे. कॉन्ट्रॅक्चर म्हणजे आखडणं: कितीही हळू ताणा, पाऊल तिथंच थांबतं.

ताठरता ही प्रतिक्षिप्त क्रिया. स्थिर चित्रात ती दिसणारच नाही. दिसते ती स्नायूची बदललेली घडण: जाडी घटलेली, तंतूंच्या जुड्या आखूड, मधे चरबी आणि तंतुमय ऊती. त्यामुळे ‘सोनोग्राफीत ताठरता आढळली’ असं कृपा करून लिहू नका.

एकोजेनिसिटी म्हणजे ध्वनिलहरी परतवल्यामुळे चित्रात स्नायू किती उजळ दिसतो ते; तिला ‘उजळपणा’ लिहा. ‘स्नायू पांढरा पडला’ वाचून घरचे घाबरतात. हा उजळपणा मोजणारी चार पायऱ्यांची हेकमॅट श्रेणीही सोप्या शब्दांत बसते. १: स्नायू काळसर, खाली हाडाची रेघ ठळक. २: स्नायू उजळ, पण रेघ स्पष्ट. ३: रेघ फिकी. ४: स्नायू पूर्ण उजळ, रेघ गायब. पक्षाघाताच्या रुग्णांत चौथ्या श्रेणीच्या पोटरीला बोटुलिनमच्या (स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनाचा गुण कमी येतो असं आढळलंय, म्हणून हा आकडा रिपोर्टात हवाच.

पुरवणी: नुसतं ‘उजळपणा वाढला’ लिहिणं अपुरं आहे. गेन (यंत्रावरची चित्राची उजळता) वाढवला की कुठलाही स्नायू उजळ दिसतो. प्रोब (त्वचेवर टेकवायचं उपकरण) तिरका धरला की उलट काळवंडतो. जोर दिला तर स्नायू चपटा होऊन जाडी कमी भरते. गेन आणि डेप्थ (चित्रात किती खोलवर दिसावं ती मर्यादा) दर तपासणीला तेच ठेवा. रुग्ण पालथा, पाऊल पलंगाबाहेर. गुडघ्यामागच्या घडीपासून बाहेरच्या घोट्यापर्यंतच्या अंतरापैकी ३० टक्क्यांवर खूण करा. जेलचा जाड थर द्या, प्रोब आडवा टेकवा आणि हाडाची रेघ सर्वांत ठळक होईपर्यंत किंचित कलवत राहा, मग चित्र फ्रीझ (स्थिर) करा. तीन चित्रांची सरासरी घ्या. घोटा ९० अंशांत येत नसेल तर ओढाताण नको. जो कोन मिळाला तो लिहा, पुढच्या वेळी तोच ठेवा.

प्रश्न: तुलनेच्या पायाला ‘निरोगी बाजू’ म्हणू?

उत्तर: ‘कमी बाधित बाजू’ म्हणा. चालणं कमी झालं की तिथलाही स्नायू रोडावतो. सेरेब्रल पाल्सीत (लहानपणीच मेंदूला इजा होऊन आलेला हालचालींचा विकार) तर अनेकदा दोन्ही पाय बाधित असतात, तिथे तुलना त्याच पायाच्या आधीच्या चित्राशी.