लकव्यानंतर शब्द गेले, वाक्प्रचार कसे राहिले?

प्रश्न (औसा): डाव्या मेंदूत रक्ताची गाठ होऊन आमच्या दादांना लकवा मारला. ताटाकडं बोट दाखवतात, पण ‘भाकर’ म्हणता येत नाही. अन् परवा भूक लागली तर धडधडीत म्हणाले, ‘पोटात कावळे ओरडायलेत!’ हे कसं काय?

परभणीहून: तोंडात बसलेलं बोलणं मेंदू सबंध उचलतो, शब्द जुळवत बसत नाही. आकडे मोजणं, शिव्या, पाठ अभंगसुद्धा असेच टिकतात. १९७९ मध्ये स्विनी आणि कटलर या भाषा-संशोधकांना दिसलं, की ओळखीचा वाक्प्रचार लोक साध्या शब्दसमूहापेक्षा लवकर ओळखतात.

अंबाजोगाईहून: मला हे अर्धंच पटतं. काच्चारी आणि ताबोसी या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलं, की आधी सुट्या शब्दांचेच अर्थ लागतात. ओळखीची खूण पटली की मगच वाक्प्रचार उमगतो. ‘नाकी’ म्हणताच ‘नऊ’ आठवतं. ‘पोटात’ ऐकून कावळेच येतील असं नाही. आणि दादा बोलले म्हणजे दुसऱ्यानं बोललेलंही तसंच समजेल, हे धरून चालू नका. असे काही रुग्ण चित्रांतून निवडताना शब्दशः अर्थाच्या चित्रावर बोट ठेवतात.

औशाहून पुन्हा: आत्ताच मोजायला लावलं. एक ते वीस सरळ म्हणाले! सोमवारी लातूरला स्पीच थेरपीला नेतो, तिथं हे सगळं सांगतो.