कार्ड घेण्याआधी मेनथ्रेड बघा

मुंबईला लँडिंग करताना फ्लाइट सिम्युलेटर २०२० (विमान उडवायचा गेम) अडखळतो म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ का असं विचारलंयत, तर जरा थांबा, आधी फुकटातली तपासणी करा. ऑप्शन्समधून डेव्हलपर मोड ऑन करून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) डिस्प्ले लावा, तिथे सरळ लिहून येतं की गाडी जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डवर) अडलीय की मेनथ्रेडवर (म्हणजे प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमच्या मुख्य कामावर). मेनथ्रेड दिसलं तर कार्ड कितीही भारी आणा, फारसा उपयोग नाही, मुख्य भार सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) एकाच कोअरवर असतो आणि बाकीचे बरेचसे आरामात बसलेले. अशा वेळी ढग नि रिझोल्युशन कमी करून फारसं काही हाती लागत नाही, चित्र मात्र घाण दिसतं. कमी करायचं ते टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती लांबपर्यंत बारकाईने दाखवायची ते), २०० वर असेल तर १०० वर आणा, मग एआय ट्रॅफिक (गेमने स्वतः उडवलेली इतर विमानं), पार्क केलेली विमानं, आणि ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट मिडियमवर (एअरबसमधल्या त्या सगळ्या स्क्रीन बराच जीव खातात).

जीपीयू दिसलं तर ढग अल्ट्रावरून हायवर, रेंडर स्केलिंग (चित्र आतून किती रिझोल्युशनवर काढायचं ते) थोडं खाली, झालं.

अजून एक, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू आहे ना? नाहीतर ३२०० ची रॅम बापडी २१३३ वर चालत बसते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) लावून ३० एफपीएसवर लॉक करा, २५ ते ४५ हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ३० कितीतरी बरं, शूटर गेम थोडीच आहे ही! आणि खर्च करायचाच असेल नि मदरबोर्ड एएम४ (एएमडीचं जुनं प्रोसेसर सॉकेट) असेल तर रायझन ५८००एक्स३डी हा प्रोसेसर मिळतोय का बघा, त्याची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) या सिमला चांगलीच मानवते.