मदत हवी आहे : जखम आपोआप भरली, आता तळहातावर डाग, भाऊ डॉक्टरकडे यायला तयार नाही

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. माझा धाकटा मावसभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगाईला आहे. अडीच महिन्यांपूर्वी त्याला लघवीच्या जागी फोड आला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मेडिकलमधून मलम आणून लावलं, महिन्याभरात भरून गेला.

रविवारी जेवताना भाकरी मोडणारे त्याचे हात दिसले. तळहातावर तांबूस, चपटे डाग, मसुरीच्या डाळीएवढे. तळपायांवरही तसेच. म्हणतो, रंगाची ॲलर्जी आहे. अरे, पण पाय तर दिवसभर गमबुटात असतात!

गच्चीवर नेऊन खोदून विचारलं तेव्हा फोडाचं बोलला. बाहेर एकदा संबंध आला होता, तेही कबूल केलं. त्याची बायको चौथ्या महिन्यात आहे. मला झोप लागेना झालीय.

सिव्हिलला चल म्हटलं तर म्हणतो, "तिथं आपल्या गल्लीतले दोघं कामाला हायेत, उद्या सगळीकडं होईल." फोड गेला म्हणजे रोग गेला का? बाळाला काही होईल का? याला न्यायचं कसं?

प्रतिसाद :
दादा, मी लॅबमध्ये काम करते. निदान डॉक्टरच करतील, पण लक्षणं गरमीची, म्हणजे सिफिलिसची वाटतात. तो फोड मलमानं गेला नाही. औषध न घेताही तो तीन ते सहा आठवड्यांत भरतो, रोग अंगात राहतो. हे डागही जातील आणि तो पुन्हा म्हणेल, बरा झालो. तसंच सोडलं तर काहींना 10 ते 30 वर्षांनी हृदयाला, मेंदूला धक्का बसतो. डोळ्यांना आणि कानांना तर कधीही. एचआयव्ही लागण्याचा धोकाही वाढतो.

घाई बाळासाठी करा. गर्भपात होऊ शकतो, मूल पोटातच दगावू शकतं किंवा रोग घेऊन जन्मतं. वहिनींच्या गरोदरपणाच्या कार्डावर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, बघा. आधी निगेटिव्ह आली असली तरी आता परत करायला लावा. पेनिसिलिनचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं, त्यानं बाळावरही उपचार होतो. दोघांची तपासणी हवी, उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत. केसपेपर काढताना 'स्किनला दाखवायचंय' एवढंच सांगा, गुप्तरोग त्याच विभागात बघतात. 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तरी माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही.

मूळ लेखक :
ताई, खूप आभार. उद्या सुट्टी टाकतो, हाताचे डाग दाखवायला म्हणूनच नेतो. पण त्याच्या बायकोला हे कुणी आणि कसं सांगायचं?