थंडीत रीलफुट तळ्यावर क्रॅपी मासा कुठे: चरात की बुंध्याला?

बुंधेकर
"थंडी पडली, खोल पाणी गाठा" हा सल्ला खोल, स्वच्छ धरणांसाठी बरोबर आहे. टेनेसीतल्या रीलफुटवर तो चालवू नका. १८११-१२च्या भूकंपांत जमीन खचून हे तळं झालं. सरासरी खोली जेमतेम पाच फूट, आणि पाण्याखाली सायप्रस झाडांचे बुंधेच बुंधे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड होऊन तळाशी बसतं, म्हणून खोल धरणाचा तळ कडाक्याच्या थंडीतही त्यातल्या त्यात उबदार असतो. इथे वारा सुटला की वरचं-खालचं पाणी एक होतं. शिवाय गढूळ पाणी ऊन शोषून लवकर तापतं. दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं, की उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या काठाला, तीन फुटांतले जाड बुंधे दुपारी तपासा.

चरवाला
लवकर तापणारं पाणी निवतंही लवकर. थंडीची लाट आली की एका रात्रीत उथळ काठ गार पडतो आणि मासा जवळच्या चरात (तळातल्या खोलगट पट्ट्यात) उतरतो. आजूबाजूपेक्षा दोन फूट खोल असलं तरी त्याला पुरतं. बुंधान्‌बुंधा चाचपण्यात दिवस घालवण्यापेक्षा लाइव्ह सोनारने (पाण्याखालचं पडद्यावर थेट दाखवणाऱ्या यंत्राने) चराची कड पाहून घ्या.

बुंधेकर
चराची कड सोनारवर दिसेल, पण बुंध्याला चिकटलेली क्रॅपी बुंध्याच्याच ठिपक्यात मिसळते. थंडीत ती चिकटूनच बसते. १०-१२ फुटी रॉडने १/१६ औंसाची जिग (वजनदार डोक्याचा गळ) बुंध्यालगत सरळ खाली सोडा आणि १०-१५ सेकंद हलवू नका. गढूळ पाण्यात तिला लांबचं दिसत नाही, म्हणून बुंध्याच्या चारही बाजू करायच्या. एका बाजूला काही लागलं नाही म्हणून बुंधा सोडणं ही सर्वांत मोठी चूक. जिगचा रंग काळा-शार्ट्रूज (पिवळट पोपटी).

मिनोप्रेमी
वजनाबद्दल असहमत. गार पाण्यात १/३२ बरी, ती सावकाश उतरते. सोबत जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावा. क्रॅपी वर बघून खाते, तेव्हा आमिष तळापासून फूटभर वर ठेवा. ती आमिष तोंडात धरून वर आली तर झटका बसत नाही, दोर नुसता सैल पडतो. तेवढं दिसलं की रॉड उचला, हिसका नको. तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटतं. गळ बारीक तारेचा घ्या. बुंध्यात अडकला तर ओढल्यावर सरळ होऊन सुटतो.

बुंधेकर
गळाचं पटलं. १/३२ मात्र वाऱ्यात बुंध्यापासून लांब वाहते. शांत हवेतच वापरावी.

चरवाला
मग आधी थर्मामीटर टाका. काठाला एकदा, चरात एकदा, दोन्हीकडे एकाच खोलीवर. दुपारी काठ दोन-तीन अंश फॅरेनहाइटने गरम निघाला तर तुमचे बुंधे मान्य. लाटेनंतरच्या पहिल्या सकाळी तो फरक मिळणार नाही, त्या दिवशी मी चरच धरेन.