मदत हवी आहे: सीएसव्ही मायएसक्यूएलमध्ये भरली, पण 'गहाळ' पुस्तकं सापडेनात

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी एक्सेलमध्ये उतरवली आहे, ६,२१४ पुस्तकं. विंडोजवर 'सीएसव्ही यूटीएफ-८' (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली आणि घरच्या उबुंटूवर (लिनक्स) मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये टर्मिनलवरून भरली. (मोबाइलवरून लिहितोय, कमांड देवनागरीत आहेत, समजून घ्या.)

आधी ३९४८ नंबरची एरर आली. लोकल इनफाइल (आपल्याकडची फाइल भरू देणारी सेटिंग) सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे चालू केल्यावर गेली. मग लोड डेटा लोकल इनफाइल, फील्ड्स टर्मिनेटेड बाय स्वल्पविराम, ऑप्शनली एन्क्लोज्ड बाय दुहेरी अवतरण, इग्नोर १ लाइन्स. वॉर्निंग शून्य. मी खूश.

शेवटचा रकाना 'शेरा', त्यात 'हजर' किंवा 'गहाळ'. सिलेक्ट मारला की 'गहाळ' डोळ्यांना दिसतं, पण व्हेअर शेरा = 'गहाळ' दिलं की एम्प्टी सेट! लाइक लावून पुढे टक्क्याची खूण दिली तर ४३ ओळी येतात. शिवाय टेबलची उजवीकडची उभी रेघ ओळीच्या सुरुवातीला येऊन बसते. ळ वेगळा टाइप झालाय का, तेही पाहिलं. रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे हो.

उत्तर १
ळ बिचारा निर्दोष आहे. ती पळालेली रेघच सगळं सांगतेय. विंडोज प्रत्येक ओळ बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन अशा न दिसणाऱ्या खुणांच्या जोडीने संपवतं. तुम्ही लाइन्स टर्मिनेटेड बाय (ओळ कशाने संपते ते सांगणारं कलम) दिलंच नाही, म्हणून मायएसक्यूएलने नुसता एन धरला आणि आर शेवटच्या रकान्यात चिकटला. टर्मिनलवर तोच कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो. कॅरॅक्टर लेंग्थ (चिन्हांची संख्या) काढून बघा: ग, ह, काना, ळ मिळून ४ हवी, तुमच्याकडे ५ येईल.

टेबल ट्रंकेट (रिकामं) करा आणि लाइन्स टर्मिनेटेड बायमध्ये ती जोडी देऊन परत भरा. हे कलम इग्नोर १ लाइन्सच्या आधी यायला हवं.

उत्तर २
किंवा फाइलवर आधी डॉसटूयुनिक्स (विंडोजच्या ओळींतला तो आर काढणारा प्रोग्राम) चालवा, कमांड आहे तशीच राहील. आणि भरायच्या कमांडमध्ये 'लोकल' आहे, हे विसरू नका: त्यामुळे डुप्लिकेट दाखल क्रमांक असला तर मायएसक्यूएल एरर न देता ती ओळ वगळतं. स्किप्डचा आकडा बघत जा.

धागाकर्ता
५ च आली दादा! परत भरलं, ४३ मिळाली, रेघही जागेवर. स्किप्ड शून्य. आता सभासदांची यादी भरायची आहे, त्यात स्वल्पविरामाऐवजी टॅब आहेत. काय बदलू?

उत्तर १
फील्ड्समधलं टर्मिनेटेड बाय काढून टाका, न सांगता मायएसक्यूएल टॅबच धरतं. लाइन्सवालं मात्र ठेवा.